फीत कापण्याआधी एक आकडा

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या टापूत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला. गिनेस बुकात नोंद झाली. लांबी मोजली, वेळ तर मिनिटासकट मोजला. त्या थरावरून जाताना गाडी किती हादरते, हा आकडा मात्र निदान माझ्या वाचनात आला नाही. एकट्या त्या रस्त्याची ही गोष्ट नव्हे. उद्घाटनाच्या भाषणात कोटी सांगतात, लेन सांगतात, वाचणारा वेळ सांगतात. रफनेस, म्हणजे रस्त्याचा खडबडीतपणा, कोणी सांगत नाही.

तो मोजता येत नाही म्हणावे, तर बंप इंटिग्रेटर आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे. जीपमागे ओढायचा हा एकचाकी गाडा. तो ताशी ३२ किलोमीटरनेच ओढायचा असतो (यंत्र इंग्रजांकडचे, त्यांचे वीस मैलही सोबत आले). चाक सांगाड्याच्या तुलनेत एका दिशेने जेवढे हलते, तेवढे मिलिमीटर बेरजेत पडत जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २००४ च्या मार्गदर्शिकेनुसार किलोमीटरमागे बेरीज २००० मिलिमीटरच्या आत असेल तर डांबरी काँक्रीटचा रस्ता चांगला मानला जाई, ३००० च्या पुढे गेली तर वाईट. आता लेझर लावलेल्या गाड्या वाहतुकीच्या वेगातच हे काम करतात.

नवा रस्ता खडबडीत होतो तो बहुधा टाकतानाच. प्लँटवरून मालाचा डंपर उशिरा येतो आणि थर पसरणारा पेव्हर थांबतो. तेवढ्यात पुढचा माल थंडावतो, पेव्हर पुन्हा सुरू झाला की तिथे उंचवटा राहतो. डंपर मागे येताना पेव्हरला धक्का देतो, त्याचाही वळ उमटतो. गरम थरावर रोलरवाल्याने झटक्यात दिशा बदलली की लाट तयार होते. आणि खालची खडीच वरखाली असेल तर वरचे कारपेट तिला पुरते झाकू शकत नाही. यातले काहीही लांबी-रुंदी-जाडी लिहिणाऱ्या मोजमाप पुस्तिकेत दिसत नाही, आणि बिल निघते ते त्या पुस्तिकेवर. पुढे जड ट्रक त्या उंचवट्यावरून उसळून आदळतात, दर वेळी जास्त भार टाकतात, आणि खड्डा नेमका तिथूनच सुरू होतो.

किलोमीटरभराच्या सरासरीवर मात्र माझा विश्वास नाही. पुलाच्या तोंडाशी बसलेला भराव कंबर मोडतो, पण उरलेला किलोमीटर सपाट असेल तर तो मर्यादेच्या आत सहज खपतो. म्हणून दर शंभर मीटरचा आकडा हवा, आणि शंका येईल तिथे तीन मीटरची सरळ पट्टी. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांनुसार वरच्या थरात त्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. सपाट म्हणजे आरशासारखा मात्र नव्हे. टायरला पकड देणारी बारीक खरखर हवीच, पावसाळ्यात तीच ब्रेक लागू देते.

राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारांत काम पूर्ण झाल्यावर रफनेसची चाचणी घेण्याचे कलम आहे. तेच शहरांतल्या आणि जिल्ह्यांतल्या रस्त्यांना लावावे, निकाल ठेकेदाराच्या नावाच्या फलकावर लिहावा आणि तोवर शेवटचे बिल अडवावे. यंत्र भाड्याने आणण्याचा खर्च रस्त्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, त्यामुळे पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही.

तुमच्या भागात नुकताच रस्ता झाला असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्याचा रफनेस चाचणी अहवाल मागा. चाचणी झालीच नाही, असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या.