ट्रुडोंनी ज्या दोघींना पक्षाबाहेर काढलं, त्या दोघी २०१९ मध्ये अपक्ष उभ्या राहिल्या

कॅनडाचे माजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फेब्रुवारी २०१८ चा भारत दौरा. बायका-पोरांसकट शेरवानी, कुर्ते घालून ताजमहाल, साबरमती, सुवर्णमंदिर आणि मुंबई. त्या फोटोंवर आपल्याकडे आठवडाभर मीम चालले होते.

तेच ट्रुडो २०१९ मध्ये निवडणुकीला सामोरे गेले. ११ सप्टेंबरला ते गव्हर्नर जनरलकडे गेले, संसद विसर्जित झाली आणि २१ ऑक्टोबर २०१९ ही मतदानाची तारीख पक्की झाली. पण त्या वेळी त्यांच्या मागे एक प्रकरण लागलं होतं. त्याचं नाव एसएनसी-लावलिन.

या प्रकरणात ट्रुडोंनी पैसे खाल्ल्याचा आरोप कुणी केलेला नाही. तरीही दोन मंत्री, त्यांचा सगळ्यात जवळचा सल्लागार आणि देशाचा सगळ्यात मोठा सनदी अधिकारी अशी चार माणसं आपापल्या खुर्च्यांवरून गेली. मग नेमकं झालं काय?

आधी ही कंपनी काय आहे ते बघू

एसएनसी-लावलिन ही मॉन्ट्रियलची बांधकाम आणि अभियांत्रिकी कंपनी. पूल, धरणं, मेट्रो, वीजप्रकल्प असली मोठी कामं जगभर करते. २०१९ मध्ये कॅनडात तिचे सुमारे ९ हजार कर्मचारी होते. क्यूबेक प्रांतात तिच्याकडे 'आपली कंपनी' म्हणून बघतात.

हे नाव भारतातही नवं नाही. नव्वदच्या दशकात केरळमधल्या पल्लीवासल, सेंगुळम आणि पन्नियार या जलविद्युत प्रकल्पांच्या नूतनीकरणाचं काम याच कंपनीला मिळालं होतं. त्या व्यवहारावरून तेव्हाचे वीजमंत्री आणि नंतर मुख्यमंत्री झालेले पिनरयी विजयन यांच्यावर सीबीआयनं केस केली. २०१७ मध्ये केरळ हायकोर्टानं त्यांची आरोपांतून मुक्तता कायम ठेवली, त्यावर सीबीआय सुप्रीम कोर्टात गेली.

पण ट्रुडोंना अडचणीत आणणारी केस लिबियाची होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनी कंपनीवर आरोप ठेवले. आरोप असा की २००१ ते २०११ या काळात, म्हणजे गडाफीच्या राजवटीत, कामं मिळवण्यासाठी लिबियातल्या अधिकाऱ्यांना सुमारे ४ कोटी ८० लाख कॅनडियन डॉलरची लाच दिली आणि तिथल्या संस्थांना सुमारे १३ कोटी डॉलरला फसवलं. कंपनीनं आरोप नाकारले.

कोर्टात गुन्हा सिद्ध झाला तर कंपनीला १० वर्षं केंद्र सरकारचं एकही कंत्राट मिळणार नव्हतं. अशा कंपनीसाठी ही जवळपास फाशीच.

मग पळवाट निघाली

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा कंपन्यांसाठी एक सोय आहे. चूक मान्य करायची, दंड भरायचा, कारभार सुधारायचा आणि त्या बदल्यात खटला थांबवून घ्यायचा. दोषी साहेबांवर कारवाई होते, पण साध्या कामगारांची नोकरी जात नाही, असं त्यामागचं म्हणणं. कॅनडात ही सोय नव्हती. कंपनीनं ती यावी म्हणून ओटावात जोरात लॉबिंग केलं आणि २०१८ मध्ये ती आली. कशी? अर्थसंकल्पाच्या जाडजूड विधेयकात एक प्रकरण म्हणून. बऱ्याच खासदारांना ते नंतर कळलं.

पण अशी तडजोड करायची की नाही हे ठरवायचा अधिकार सरकारचा नाही, तर सरकारी अभियोग संचालकांचा. या पदावर होत्या कॅथलीन रसेल. ४ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी ठरवलं की या कंपनीशी वाटाघाटी होणार नाहीत, खटला चालणार.

हा निर्णय बदलू शकणारी अख्ख्या सरकारात एकच व्यक्ती होती. ती म्हणजे अॅटर्नी जनरल.

इथं एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे कायदामंत्री वेगळा असतो आणि अॅटर्नी जनरल वेगळा. कॅनडात या दोन्ही टोप्या एकाच माणसाच्या डोक्यावर असतात. न्यायमंत्री म्हणून तो मंत्रिमंडळातला राजकारणी, पण अॅटर्नी जनरल म्हणून खटल्यांचे निर्णय त्यानं एकट्यानं, पक्ष बाजूला ठेवून घ्यायचे. सहकारी मंत्री त्याला माहिती देऊ शकतात, मत सांगू शकतात, दबाव टाकू शकत नाहीत. संचालकांचा निर्णय फिरवायचाच असेल तर तसा लेखी आदेश काढून तो राजपत्रात छापावा लागतो. म्हणजे जे करायचं ते लोकांसमोर.

तेव्हा या पदावर होत्या जोडी विल्सन-रेबोल्ड. कॅनडाच्या पहिल्या मूळनिवासी न्यायमंत्री. २०१५ मध्ये ट्रुडोंनी निम्म्या महिला असलेलं मंत्रिमंडळ बनवलं, का म्हणून विचारल्यावर 'कारण हे २०१५ साल आहे' असं उत्तर दिलं आणि जगभर टाळ्या घेतल्या. त्या मंत्रिमंडळाचा एक मोठा चेहरा म्हणजे याच बाई.

आणि दबाव सुरू झाला

विल्सन-रेबोल्ड यांनी रसेल यांच्या निर्णयात हात घालायचा नाही असं ठरवलं. १७ सप्टेंबरला ट्रुडो त्यांना भेटले. त्यांनी नंतर संसदीय समितीला सांगितलं की या भेटीत नोकऱ्यांचा विषय निघाला, क्यूबेकमध्ये लवकरच प्रांतिक निवडणूक असल्याचा विषय निघाला आणि आपण स्वतः क्यूबेकचे खासदार आहोत याची आठवणही ट्रुडोंनी करून दिली. तेव्हा बाईंनी थेट विचारलं, तुम्ही माझ्या कामात राजकीय हस्तक्षेप करताय का? ट्रुडो नाही म्हणाले, आपल्याला फक्त मार्ग काढायचाय.

पण विषय तिथं थांबला नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार पुढचे तीन-साडेतीन महिने पंतप्रधान कार्यालय, अर्थमंत्र्यांचं कार्यालय आणि सनदी सेवेतली मिळून ११ माणसं त्यांच्यामागे लागली होती. १९ डिसेंबरला सनदी सेवेचे प्रमुख मायकल वर्निक यांचा फोन आला. पंतप्रधान या ना त्या मार्गानं हे काम करून घेतील असं त्यांना वाटतंय, असा त्या फोनचा सूर होता. बाईंनी १७ मिनिटांचा तो फोन रेकॉर्ड केला.

१४ जानेवारी २०१९ ला मंत्रिमंडळात फेरबदल झाला. विल्सन-रेबोल्ड यांचं न्याय खातं गेलं आणि माजी सैनिकांचं खातं मिळालं. त्यांच्या जागी आले डेव्हिड लामेटी, मॉन्ट्रियलचे खासदार. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

७ फेब्रुवारीला 'ग्लोब अँड मेल'नं बातमी फोडली. ट्रुडो म्हणाले, बातमीतले आरोप खोटे आहेत. पण पाच दिवसांत विल्सन-रेबोल्ड यांनी मंत्रिपद सोडलं. १८ फेब्रुवारीला ट्रुडोंचे जिवलग मित्र आणि प्रधान सचिव जेराल्ड बट्स यांनी राजीनामा दिला. ४ मार्चला दुसऱ्या वजनदार मंत्री डॉ. जेन फिलपॉट, सरकारवर विश्वास उरला नाही म्हणून बाहेर पडल्या. वर्निक यांनी निवृत्ती जाहीर केली. मार्चअखेर फोनचं रेकॉर्डिंग सगळ्या देशानं ऐकलं आणि २ एप्रिलला ट्रुडोंनी दोघींनाही लिबरल पक्षाच्या संसदीय गटातून काढून टाकलं.

दुसरी बाजूही आहे

ट्रुडोंचं म्हणणं, मी हजारो लोकांच्या नोकऱ्यांसाठी बोलत होतो, ते माझं कामच आहे आणि शेवटचा निर्णय बाईंचाच होता. हे अगदीच पोकळ नाही. निर्णय शेवटपर्यंत बदलला गेला नाही, खटला सुरूच राहिला. खुद्द विल्सन-रेबोल्ड यांनीही समितीसमोर सांगितलं की जे झालं ते अयोग्य होतं, पण आपल्या मते तो गुन्हा नव्हता. त्यांनी न सांगता फोन रेकॉर्ड केला, हेही अनेकांना पटलं नाही.

पण नोकऱ्यांच्या मुद्द्याची गोम कायद्यातच आहे. परदेशी अधिकाऱ्यांना लाच दिल्याची केस असेल तर तडजोड करताना 'देशाचं आर्थिक हित' विचारात घ्यायचं नाही, असं त्याच नव्या कायद्यात लिहिलंय. कारण उघड आहे. नाहीतर जितकी कंपनी मोठी, तितकी तिला माफी सोपी.

त्यात भर म्हणजे याच कंपनीच्या लोकांमार्फत २००४ ते २०११ या काळात पक्षांना १ लाख डॉलरहून जास्त बेकायदा देणग्या गेल्या होत्या आणि त्यातला मोठा वाटा लिबरल पक्षाकडे गेला होता, हे २०१६ मध्येच बाहेर आलं होतं.

१४ ऑगस्टला नीतिमत्ता आयुक्त मारियो डियों यांचा अहवाल आला. पंतप्रधानांनी आपल्या पदाचा वापर करून अॅटर्नी जनरलवर प्रभाव टाकायचा प्रयत्न केला आणि हितसंबंधांच्या कायद्याचं कलम ९ मोडलं, असा स्पष्ट निष्कर्ष. नऊ साक्षीदारांकडची माहिती मंत्रिमंडळाच्या गोपनीयतेमुळे आपल्याला मिळाली नाही, हेही त्यांनी नोंदवलं. ट्रुडोंवर हा ठपका दुसऱ्यांदा आला. पहिला २०१७ मध्ये, आगा खान यांच्या खासगी बेटावर सुट्टी घालवल्याबद्दल.

शिक्षा काय? काहीच नाही. या कलमाला दंडाचीही तरतूद नाही. ट्रुडो म्हणाले, अहवाल स्वीकारतो, जबाबदारी घेतो, पण नोकऱ्यांसाठी उभा राहिलो याची माफी मागणार नाही. म्हणजे शिक्षा द्यायची की नाही हे मतदारच ठरवणार होते.

मग मैदानात कोण कोण होतं?

कॅनडाची पद्धत आपल्यासारखीच. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो खासदार. २०१९ मध्ये ३३८ मतदारसंघ होते आणि बहुमताला १७० जागा लागत होत्या. २०१५ मध्ये लिबरलना १८४ मिळाल्या होत्या.

जस्टिन ट्रुडो, लिबरल. मॉन्ट्रियलच्या पापिनो मतदारसंघातून उभे होते. क्यूबेकमध्ये ७८ जागा आहेत, त्यातल्या ४० २०१५ मध्ये त्यांनी जिंकल्या होत्या. एसएनसी-लावलिनसाठी धडपड करण्यामागचं गणित इथं दिसतं. जो मुद्दा टोरंटो-व्हँकुव्हरमध्ये डाग होता, तोच क्यूबेकमध्ये अनेकांना 'आपल्या माणसांसाठी भांडला' असा वाटत होता.

अँड्र्यू शियर, कॉन्झर्व्हेटिव्ह. लोकसभेचे माजी सभापती, तेव्हा वय ४०. फेब्रुवारीतच त्यांनी ट्रुडोंचा राजीनामा मागितला. ट्रुडोंच्या वकिलानं त्यांना बदनामीची नोटीस पाठवली, तीही त्यांनी प्रचारासाठी वापरली. पण समलिंगी विवाहाच्या विरोधात २००५ मध्ये केलेलं त्यांचं भाषण लिबरलनी नेमकं तेव्हाच बाहेर काढलं.

जगमीत सिंग, एनडीपी. पगडीधारी शीख. मोठ्या केंद्रीय पक्षाचं नेतृत्व करणारे पहिले गौरेतर नेते. क्यूबेकनं जूनमध्ये शिक्षक, पोलीस, न्यायाधीश यांना धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणारा कायदा केला. पगडी घालून तिथं मतं मागणं सोपं नव्हतं.

यांच्याशिवाय ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे, क्यूबेकपुरता लढणाऱ्या ब्लॉक क्यूबेक्वाचे इव्ह-फ्रान्स्वा ब्लांशे, आणि शियर यांच्याकडून पक्षाध्यक्षपद थोडक्यात हुकल्यावर वेगळी चूल मांडणारे मॅक्सिम बर्निए. सर्व्हेंमध्ये लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह जवळपास बरोबरीत होते. त्यामुळे कुणालाच बहुमत न मिळता सिंग, मे किंवा ब्लांशे यांचा भाव वधारण्याची शक्यता होती.

आणि त्या दोघी?

विल्सन-रेबोल्ड व्हँकुव्हर ग्रॅनव्हिलमधून आणि फिलपॉट टोरंटोजवळच्या मार्कहॅम-स्टूफव्हिलमधून अपक्ष उभ्या होत्या. ग्रीन पक्षानं दोघींना आवतण दिलं होतं, पण त्या गेल्या नाहीत. लिबरलनी विल्सन-रेबोल्ड यांच्याविरुद्ध तालीब नूरमोहम्मद यांना आणि फिलपॉट यांच्याविरुद्ध ओंटारियोच्या माजी आरोग्यमंत्री हेलेना याचेक यांना तिकीट दिलं. म्हणजे जागा सहज सोडायची तयारी नव्हती.

कॅनडात अपक्ष निवडून येणं हे आपल्यापेक्षाही अवघड. तिथला मतदार पक्ष आणि पंतप्रधान बघून मत देतो. दोघींना मानणाऱ्या मतदारापुढेही पेच होता. यांना मत दिलं आणि मतं फुटून शियर यांचा उमेदवार आला तर?

त्या निवडून आल्या तर पुढच्या वेळी साहेबांना नाही म्हणताना एखाद्या मंत्र्याच्या पाठीशी एक उदाहरण असणार होतं. पडल्या तरी उदाहरण असणारच होतं, फक्त ते पक्षाच्या कामी येणार होतं. गप्प बसा, नाहीतर त्या दोघींसारखं होईल, हे सांगायला.

ट्रुडो राहतात की जातात हे २१ ऑक्टोबरच्या रात्री जगभर दाखवणार होते. पण या प्रकरणाचा खरा निकाल व्हँकुव्हर ग्रॅनव्हिल आणि मार्कहॅम-स्टूफव्हिल या दोन जागांवर लागणार होता.