चर्चच्या पडक्या भिंतीचं आपल्याला काय?

गोव्याहून आल्यावर कंधारच्या चहाच्या टपरीवर मी जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांचे फोटो दाखवत होतो. एक दोस्त म्हणाला, "चर्चच्या पडक्या भिंतीचं आपल्याला काय? इथं आपल्या मशिदी सांभाळता येईनात!" त्याचं दुखणं मला कळतं. पण त्याचं म्हणणं चूक आहे.

आधी त्या भिंतीची गोष्ट ऐका. ऑगस्टीनियन पाद्री 1572 मध्ये गोव्यात आले. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने त्यांचा मठ बंद पाडला. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला. उरला जांभ्या दगडांचा ढिगारा. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे तिथे शोध घेतला आणि मानवी अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या सीसीएमबीने त्यांचा डीएनए तपासला. त्यातला मातृवंश भारतातल्या 22 हजारांहून अधिक नमुन्यांत नव्हता, जॉर्जियाच्या नमुन्यांत मात्र होता. त्या अस्थी जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या असाव्यात, या मताला बळ मिळालं. 2021 मध्ये भारताने त्यांतला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. ढिगारा साफ करून टाकला असता, तर हे कुणाला कळलं असतं?

आता अवघड भाग. केतेवानला 1624 मध्ये शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने हाल करून मारलं. तिने इस्लाम स्वीकारायला नकार दिला होता. हे वाचून आपली मान खाली जाते. जाऊ द्या! मारणारा आपला म्हणून झाकायचं आणि आपल्यावरचा जुलूम तेवढा मांडायचा, याला इन्साफ म्हणत नाहीत.

दुसरीही बाजू बघा. ज्या पोर्तुगीज सत्तेने गोव्यात इन्क्विझिशन चालवलं, तिच्याच काळातलं हे चर्च. तरी ते आज जपलं जातं, आणि तेच योग्य आहे. वास्तू जपणं म्हणजे ती बांधणाऱ्या सत्तेची तरफदारी नव्हे. हाच नियम आपण मशिदींसाठी मागतो ना? मग तो चर्चसाठी आणि मंदिरासाठीही मानावा लागेल. सूरह हजच्या 40व्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा उल्लेख एकत्रच येतो.

आणि आपल्या कंधारचं काय? राष्ट्रकूटांपासून मोगल, आसफजाहीपर्यंतच्या राजवटी या गावाने पाहिल्या. किल्ल्यात अरबी-फारसी शिलालेख आहेत. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते वाचून प्रसिद्ध केले. गावात क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेषही आहेत. आपण काय केलं? मदरशात अक्षरं ओळखायला शिकलो, पण किल्ल्यातली एक ओळ वाचता येत नाही. उलट आपलीच पोरं तिथल्या दगडांवर नावं कोरताना मी पाहिली आहेत.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. येत्या रविवारी किल्ल्यावर चला. शिलालेखांचे स्वच्छ फोटो काढू, कोणता कुठे आहे ते वहीत लिहू. कुणीतरी फारसी शिकायला घ्या. क्षेत्रपालाच्या अवशेषांचीही नोंद त्याच वहीत होईल. ज्याला दुसऱ्याची अमानत सांभाळता येत नाही, त्याने स्वतःच्या वारशासाठी गळा काढू नये.