सब्राची तारीफ पुरे!

"टीचर, तुमच्यात केवढा सब्र!" हे ऐकून कान किटले आहेत. भिवंडीतल्या आमच्या उर्दू शाळेत माझ्या वर्गात एक मतिमंद मुलगा आहे. बाप लूमवर. वस्तीतल्या यंत्रमागांचा खडखडाट थांबला की हा पठ्ठ्या दप्तर उचलतो, "बत्ती गुल, छुट्टी!" वर्ग हसतो, मीही हसते. पण त्याचा हिशेब चुकलेला नाही. वीज गेली की अब्बा घरी येतात. अलिफ गिरवायला त्याला तीन महिने लागले, हा शोध मात्र त्याने एकट्याने लावला. परीक्षेत त्याला शून्य!

2016च्या कायद्याने 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आमच्याकडे कुणी दर्ग्याचा धागा सुचवतो, कुणी "अल्लाहची मर्जी" म्हणून हात झटकतो. (मर्जी फक्त गरिबाच्या पोराबाबतच कशी आठवते?) हेडमास्तर म्हणतात, मागच्या बाकावर बसवा. साठ पोरांत माझा सब्र किती पुरणार? जलशात शाल देऊ नका. आठवड्यातून दोन दिवस तरी उर्दू जाणणारा विशेष शिक्षक द्या.