बीजगणित कोणाच्या मालकीचे?

चाळीसगावजवळील पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. मठास घाण्यांनी द्यावयाचे तेलही त्यात आहे. तेल तेल्याचे, पण त्याचे पोर त्या मठात बसले असेल काय? आज जळगाव-धुळ्यात ‘फाउंडेशन’ क्लासवाले सातवीतल्या मुलाला दहावीची वर्गसमीकरणे विकतात आणि फी भरण्याच्या ऐपतीस गुणवत्ता म्हणतात. गती असलेल्या मुलास पुढचे गणित मिळालेच पाहिजे. त्याला रोखून समता येत नाही, हे काही समाजवादी मित्रांनीही ध्यानात घ्यावे! परंतु शिरपूर-चोपड्याच्या आश्रमशाळेतील पावरा मुलाची गती ओळखणार कोण? १९८६ च्या धोरणातले नवोदय विद्यालय सामान्यतः जिल्ह्यास एक, तेही पाचवीतल्या एका परीक्षेच्या जोरावर. तालुक्यातालुक्यात सरकारी खर्चाने गणिताचे विशेष वर्ग का निघत नाहीत, याचा जाब कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्हा परिषदांना विचारावा.