दोनशे पेसोंचे हुतात्मे

मेक्सिकोत राहणारे परदेशी एकमेकांना भेटले की हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर पोलिसावर येतात. प्रत्येकाजवळ आपापला एक पोलीस असतो. कुणाला तो तिहुआनात भेटलेला, कुणाला कानकूनच्या विमानतळाकडे जाताना, कुणाला लारेडोचा पूल ओलांडल्या ओलांडल्या. पुढचं सगळं सारखंच. परक्या पाटीची गाडी, सिग्नल पिवळा होता की लाल यावर हुज्जत, मग पोलिसाचा तो मधाळ प्रश्न, ‘मग कसं मिटवायचं आपण?’, आणि परवान्याखालून सरकवलेली दोनशे पेसोंची नोट. इथे सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो, ऐकणारे चुकचुकतात. या देशाचं काही होणार नाही असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि मंडळी पुन्हा ग्वाकामोलेकडे वळतात.

मी केरेतारोत राहतो. नोकरीसाठी आलो आणि रमलो. हे किस्से ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून एकदाचं बोलतो. यातले बरेचसे हुतात्मे ही निव्वळ गिऱ्हाइकं आहेत. सिग्नल त्यांनी तोडलेलाच असतो. दंडाची पावती घ्यायची तर ती भरायला कुठेतरी जावं लागतं, स्पॅनिशमध्ये चार वाक्यं बोलावी लागतात, अर्धा दिवस मोडतो. तो मोडू नये म्हणून दोनशे पेसो दिले जातात. या व्यवहाराला इथे मॉर्दिदा म्हणतात, आणि मेक्सिकोच्या फौजदारी कायद्यात ती घेणारा गुन्हेगार आहे तसाच देणाराही. किश्श्यात एवढा भाग मात्र नेमका गळतो.

पोलिसाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या 2024च्या यादीत 180 देशांत मेक्सिको 140वा आहे, आणि ते उगाच नाही. (आपण 96वे. तेव्हा आपल्या मंडळींनी या विषयावर नाक फार वर करू नये.) सीमेवरची खाबूगिरी इतकी जुनी आहे की अमेरिकेतून नाताळला घरी येणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना नाक्यावर कुणी लुबाडू नये म्हणून सरकारला 1989 साली ‘पायसानो’ नावाची स्वतंत्र योजना काढावी लागली. ट्रकभर भेटवस्तू घेऊन येणारा शिकागोचा गवंडी हा नाक्याचा खरा बकरा. आपल्याच देशात शिरताना त्याचे खिसे चाचपले जात. 2020 साली राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांनी यावर रामबाण उपाय जाहीर केला: जकात नाके लष्कराकडे आणि बंदरं नौदलाकडे. गणवेशातला माणूस खात नाही, असा एकूण समज. 2025च्या सप्टेंबरमध्ये इंधनाच्या तस्करीच्या प्रकरणात नौदलाच्या एका व्हाइस अ‍ॅडमिरलला अटक झाली.

तेव्हा दुखणं खरं आहे. माझं भांडण ते दुखणं मिरवणाऱ्यांशी आहे.

मलाही थांबवलं आहे. महामार्गावर, शहरात, आणि उत्तरेच्या एका नाक्यावर, जिथे साहेबांना माझ्या डिकीतल्या प्रेशर कुकरमध्ये भलतीच गोडी वाटली होती. दर वेळी मी एकच करतो. गाडी बंद करतो, हसतो, आणि पावती फाडा म्हणतो. पोलीस उसासा टाकतो. कार्यालय लांब आहे, आज बंद आहे, परवाना जमा करावा लागेल, असं बरंच ऐकवतो. मी बरं म्हणतो. कधी पावती मिळते, आणि बऱ्याच शहरांत ठरावीक दिवसांत भरली तर दंडात सवलतही असते. कधी तो कंटाळून जा म्हणतो. यात शौर्य काहीच नाही. माझ्याकडे कागद पुरे आहेत आणि वेळही आहे. किस्से सांगणाऱ्यांकडेही दोन्ही असतं. त्यांना ते खर्च करायचं नसतं, एवढंच.

आता आपल्या लोकांकडे येतो. ग्वादालाहारा, केरेतारो, मोंतेरे या शहरांत भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत, म्हणजे मराठी घरं आली, आणि मराठी घर आलं की तूरडाळ आली. मेक्सिकोत ती मिळणं मुश्कील. मोंतेरेहून टेक्सासची हद्द काही तासांवर आहे. मग सुट्टीला गाडी तिकडे निघते आणि येताना टपापर्यंत भरून येते: डाळी, मसाले, लोणची, वर दोन लॅपटॉप आणि कुणीतरी सांगितलेला फोन. जमिनीवरून येताना एरवी माणशी 300 डॉलरपर्यंतचा माल करमुक्त आहे. त्यापुढचा जाहीर करून कर भरायचा, इतका साधा हिशेब. तो कुणी करत नाही. डोळे मिटून पुढे जायचं आणि अडवलं तर नोट द्यायची, हा कुटुंबाचा ठरलेला कार्यक्रम. मोंतेरेला पोचल्यावर मात्र लाचेचीच हकिगत रंगते आणि लॅपटॉप विसरले जातात.

आणि हा सगळा आटापिटा कुठल्या देशात? तर ज्याच्या बाजारातून निम्मं मराठी स्वयंपाकघर आलं त्या देशात. मिरची इथली. मका, पेरू, चिकूही याच भागातले. आठवड्याला रस्त्यावर भरणाऱ्या बाजाराला इथे तियांगीस म्हणतात. तिथे एकदा नीट डोळे उघडून फिरा. घोळाच्या भाजीच्या जुड्या असतात; हे लोक ती डुकराच्या मांसाबरोबर हिरव्या रश्श्यात शिजवतात. माठ असतो, चाकवताच्या भाऊबंदातल्या दोन-तीन पालेभाज्या असतात, भोपळ्याची फुलं असतात. चिंच ढिगाने असते आणि तिचं सरबत गल्लोगल्ली. राजगिऱ्याची वडी तर इतकी आपली की आपल्याकडच्या उपासाच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी वाटते, आणि इथे तिचं नावच ‘आनंद’ आहे. भाजीवाली बाई दोन कांदे घेतले तरी ‘मारचांते’ म्हणून हाक मारते आणि कोथिंबिरीची काडी वर टाकते, मंडईतल्या मावशीसारखी. डाळच हवी तर अख्खा मसूर आणि काबुली चणे प्रत्येक दुकानात आहेत. सिनालोआ प्रांतात तो चणा उत्तम पिकतो. पण आमच्या मंडळींना घोळाची भाजी दिसत नाही. कारण तियांगीसमध्ये ती जातच नाहीत. ती वातानुकूलित सुपरमार्केटात जातात, तिथे कढीपत्ता नाही म्हणून हळहळतात, आणि इथे खायला काही मिळत नाही असं आईला पुण्याला कळवतात.

त्याच सुपरमार्केटात गल्ल्यापाशी एखादे आजोबा किंवा आजी उभ्या असतात. तुमचं सामान पिशवीत भरतात. बऱ्याच दुकानांत त्यांना पगार नसतो. तुम्ही हातावर ठेवाल ती चिल्लर, तीच कमाई. पोलिसाला दोनशेची नोट देणारा आमचा हुतात्मा इथे मोबाइलमध्ये डोकं घालून पिशवी उचलतो आणि चालू लागतो. पाच पेसोंचं नाणं त्याच्याच्याने निघत नाही. भीक घालून सवयी बिघडवू नयेत, असं एकाने मला समजावून सांगितलं होतं. तो दर महिन्याला मॉर्दिदा देतो.

गोऱ्या परदेशी लोकांची तऱ्हा वेगळी, पण पीळ तोच. त्यांना हा देश स्वस्त हवा. स्वस्त आहे म्हणूनच तर ते येतात. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त 180 दिवसांची मुदत मिळते. ती संपत आली की विमानाने बाहेर एक चक्कर मारायची, परत येऊन नवा शिक्का घ्यायचा, आणि वर्षानुवर्षं ‘पर्यटक’ राहून कॅलिफोर्नियाच्या पगारावर मेक्सिको सिटीतून नोकरी करायची. राहण्याचा रीतसर परवाना काढायचा तर उत्पन्नाचे पुरावे लागतात, वकिलातीत खेटे पडतात. हाच माणूस अमेरिकेतल्या मेक्सिकन मजुराच्या कागदपत्रांवर मत देऊ लागतो, तेव्हा मला ग्लास खाली ठेवावा लागतो.

रोमा आणि कोंदेसा या मेक्सिको सिटीच्या दोन वस्त्या त्यांनी अशाच गिळल्या. 2025 साली या शहरात दिवसाचं किमान वेतन 278 पेसो 80 सेंतावो होतं. कोंदेसात कॉफी आणि क्रोसाँ घेतलं की त्यातले निम्मे उडतात. घरभाडं तर बोलायची सोय नाही; पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाडेकरू उठले आणि त्यांच्या खोल्या आठवड्याच्या बोलीवर गेल्या. सरकारही साळसूद नव्हे. 2022च्या ऑक्टोबरात शहराच्या तेव्हाच्या प्रमुख क्लाउदिया शाइनबाम यांनी एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार करून लॅपटॉपवाल्या पाहुण्यांना आवतण दिलं. 4 जुलै 2025 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, त्याच वस्त्यांत मोर्चा निघाला आणि कॅफेच्या काचा फुटल्या. तोवर शाइनबाम राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या; त्यांनी परकीयद्वेषाचा निषेध केला. काचा फोडणं मलाही पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी ‘आम्ही यांचं काय वाकडं केलं’ असा जो सूर लागला, तो मी पोलिसाच्या किश्श्यांत आधीच ऐकलेला होता.

याच रोमा वस्तीत पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय राहत होते. 1919 साली मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. त्यांच्या घरात पुढे नाइटक्लब निघाला, आणि नाव काय, तर ‘एम. एन. रॉय’. बाहेर रांग लागायची. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे 1924 साली इथे आले. गदर चळवळीतले, इंग्रज सरकारला हवे असलेले. मायदेशी परतायची वाट बंद. या देशाने त्यांना चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवायला घेतलं. त्यांनी मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलं, तीना मोदोत्तीने त्यांची छायाचित्रं काढली. 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. नवा मराठी माणूस इथे आला की मी त्याला विचारतो, खानखोजे ठाऊक आहेत का? तो विचारतो, कुठल्या कंपनीत?

आता ज्यांनी या देशात परदेशी असण्याची खरी किंमत मोजली त्यांच्याबद्दल. तेही परदेशीच, पण आमच्या पार्ट्यांना ते नसतात. दक्षिणेला ग्वातेमालाच्या हद्दीवर तापाचूला नावाचं शहर आहे. होंडुरास, हैती, व्हेनेझुएलाची माणसं तिथे कागदाच्या एका तुकड्यासाठी महिनोन्‌महिने अडकून पडतात. उत्तरेकडे निघाली की बसमधून उतरवली जातात, आणि मागितलेले पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न त्यांना सोयीचा नसतो. राजधानीच्या विमानतळावर कोलंबियाचा रीतसर पर्यटकही कोंडला जातो आणि परत पाठवला जातो, त्याच वेळी शेजारच्या रांगेत अमेरिकन पासपोर्टवर हसत शिक्का पडतो. आपलेही यात आहेत. 2019च्या ऑक्टोबरात मेक्सिकोने 311 भारतीयांना एका विमानात घालून दिल्लीला धाडलं. दलालांना लाखो रुपये मोजून, दक्षिण अमेरिकेतून, पनामाचं जंगल तुडवत ही माणसं आली होती. इथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत त्या विमानाचा विषय दोन मिनिटं निघाला आणि ‘यांच्यामुळे आपली बदनामी होते’ या वाक्यावर मिटला.

आणि 27 मार्च 2023ची रात्र. अमेरिकेच्या हद्दीवरच्या सिउदाद हुआरेझमध्ये स्थलांतर खात्याच्या कोठडीत आग लागली. दाराला कुलूप होतं. पहारेकरी निघून जाताना कॅमेऱ्यात दिसतात, कुलूप उघडताना कुणी दिसत नाही. 40 माणसं मेली, सगळी परदेशी. मेक्सिकोतला परदेशी माणूस किती असुरक्षित, यावर कुणाला बोलायचंच असेल तर त्याने या चाळीस जणांपासून सुरुवात करावी.

म्हणून इथे येणाऱ्या मराठी माणसाला माझं सांगणं थोडकं आहे. वेग मर्यादेत ठेवा. डिकीतला माल जाहीर करा. थांबवलं तर ‘बोलेता, पोर फावोर’ एवढे तीन शब्द पुरतात, म्हणजे पावती द्या. घोळाची भाजी घ्या. पिशवी भरणाऱ्या आजोबांच्या हातावर दहा पेसो ठेवा. आणि एवढं करूनही घाई होतीच, नोट दिलीच, तर ती का दिली हेही सांगा. ते सांगायचं नसेल, तर तो किस्सा आमच्याकडे आणू नका.