वेळ लावून पळणे



दशलक्षण पर्वात उत्तम मार्दवाच्या दिवशी प्रवचन संपलं. बाहेर चपला घालताना धाकट्या वन्संनी हळूच विचारलं, "वहिनी, मग तुमच्या त्या मेडलांचं काय करायचं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते. १९७९ साली बी.कॉम.ला असताना मी ८०० मीटर पळत होते. मातीचं मैदान, चुन्याने आखलेल्या दोन फेऱ्या, २ मिनिटं ४१ सेकंद. आकडा अजून पाठ आहे. पुढे लग्न, सासूबाईंचं आजारपण, मुलं. २८ वर्षं पायात पळायचे बूट नव्हते. ४९व्या वर्षी पुन्हा घातले आणि आज पासष्टीतही शर्यतीत उतरते.

"तब्येतीसाठी पळते" म्हटलं की सगळे खूश. शुगर, गुडघे, वजन, काहीही सांगा, चालतं. पण "मागच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी करायची आहेत" म्हटलं की चेहरे बदलतात. या वयात कशाला स्पर्धा? नातवंडांत रमा. बाईने औषध म्हणून पळावं, हौस म्हणून नको, असा हा हिशेब. मला तो पटत नाही.

हा हिशेब जुनाच आहे. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर झाली आणि त्यांना झेपत नाही म्हणून बंदच केली. ती परत आली १९६०ला. मॅरेथॉन तर बायकांना १९८४ला मिळाली. ती पहिली जिंकणारी अमेरिकेची जोन बेनॉइट. तिनेच १९७९ साली, म्हणजे मी त्या मातीत पळत होते तेव्हा, बोस्टन मॅरेथॉन २ तास ३५ मिनिटांत जिंकली होती. बरोबर चाळीस वर्षांनी, ६१व्या वर्षी ती पुन्हा बोस्टनला उभी राहिली. जुन्या वेळेच्या चाळीस मिनिटांच्या आत यायचं, हे आधीच ठरवून. आली ३ तास ४ मिनिटांत. आकडा मनाशी धरून पळणारी बाई मला आपली वाटते. वहीत जमाखर्च लिहिणाऱ्या कुठल्याही गृहिणीला वाटेल.

पुन्हा सुरू करणाऱ्या मैत्रिणींना मात्र स्पष्ट सांगते, माझ्यासारखं करू नका. पहिल्याच वर्षी मी एकोणीस वर्षांची असल्यासारखी धावले. दम दोन महिन्यांत परत आला, पण पोटरीला तेवढी घाई नव्हती. स्नायू दुखावला आणि तीन महिने घरात बसले. पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही उतरतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. वेगाने पळणं एकदाच.

नियमांचंही विचारतात. सूर्योदयानंतर दोन घटका होईपर्यंत मी पाणी घेत नाही. म्हणून फक्त थंडीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यती घेते. पाण्याशिवाय २१ किलोमीटर पळणं याला मी तप म्हणणार नाही, मूर्खपणा म्हणेन. उपवासाच्या दिवशी बूट बंद. शर्यतीत वाटतात त्या एनर्जी जेलच्या पुड्यांवर काय लिहिलंय ते वाचा, काहींत मध असतो. माझा राजगिऱ्याचा लाडू बरा, तोही वेळ झाल्यावर.

आता माझी तक्रार. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये ३५पासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. गेल्या वर्षी एका शर्यतीत मात्र बायकांचा शेवटचा गट '४५ वर्षांवरील' एवढाच होता. शेजारी उभी असलेली मुलगी (मला मुलगीच) सेहेचाळीसची. मी सहावी आले. पुरुषांना साठीच्या पुढचा वेगळा गट होता. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "काकू, त्या वयाच्या बायका येतच नाहीत." अहो, पंगतीत पानच मांडलं नाही तर जेवायला बसणार कोण? आधी गट ठेवा, दोन-तीन वर्षं चार बायकांवर चालवा.

वन्संच्या प्रश्नाला बगल देत नाही. मान कषाय होतो का? होतो. तिशीतल्या पोरीला मागे टाकलं की आतून गुदगुल्या होतात, खोटं कशाला बोलू? पण तो पुरणपोळ्यांची वाहवा ऐकतानाही होतो, आणि अभिषेकाची बोली लागते तेव्हा होत नाही का? शर्यतीत निदान घड्याळ सगळ्यांसमोर असतं. यंदा दहा किलोमीटरला १ तास ११ मिनिटं लागली, गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं जास्त. तेही वहीत लिहिलंय.

मेडलं धान्याच्या कोठीवरच्या फळीवर पेढ्यांच्या डब्यात आहेत. वन्संना तसं सांगितलं. म्हणाल्या, "कुठला डबा? दाखवा तरी."