शेतकऱ्याच्या पोराने इंजिनिअर व्हावे ते कशासाठी?

बारावीचा निकाल लागून सीईटीचे गुण हाती आले, की आमच्या वाळवे तालुक्यात एकच धावपळ उडते. कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभा, कोणी ऊसबिलाची वाट पाहतो, तर कोणी म्हैस विकावी की बायकोच्या अंगावरचे मोडावे याचा हिशेब करीत बसतो. पोराला इंजिनिअर करावयाचे आहे! ही हौस वाईट असे आम्ही म्हणणार नाही. तीन पिढ्यांमागे ज्या घरात पाटी-पेन्सिल शिरली नाही, त्या घरातून आज यंत्रविद्येची मागणी होत आहे, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु ही विद्या आपल्या दारापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि तिचे पुढे काय करावयाचे, हे पैसे भरण्यापूर्वी घरात एकदा बोलले गेले पाहिजे. ते बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

सन १८५४ साली पुण्यात इंग्रज सरकारने इंजिनिअरिंगचा वर्ग व यंत्रशाळा काढली. रयतेची पोरे शहाणी व्हावीत हा हेतू नव्हता. रस्ते, इमारती व पाट यांच्या कामावर साहेबाच्या हाताखाली राबणारी दुय्यम माणसे सरकारास हवी होती. त्या रोपट्याचे पुढे मोठे कॉलेज झाले आणि २०२२ पासून तर ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथूनच १८८३ साली बाहेर पडले. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. या विद्येचा मोठेपणा कोण नाकारील? पण गंमत पाहा. धरणाचा दगड घडविणारा पाथरवट, माती वाहणारा वडार, पहारी शेवटणारा लोहार, हे सर्व आमचे; आणि नकाशा हाती धरून हुकूम देणारा मात्र दुसऱ्याच आळीचा! ज्याच्या हातात हुन्नर त्यास अक्षर नाही आणि ज्यास अक्षर त्याने कधी घण उचलला नाही, अशी या देशात वाटणी होऊन बसली होती. जोतीराव फुले यांनी स्वतः ठेकेदारी केलेली. त्यांनी हा कारभार जवळून पाहिला आणि विश्वेश्वरय्या पास झाले त्याच साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इंजिनिअर खात्याची व पाटाच्या पाण्याची चांगली झडती घेतली. पुढे १९०२ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर दरबारच्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हा कोठे आमच्या माणसांस कचेरीची पायरी दिसली.

आमच्या भागात यंत्र आधी आले, कॉलेज मागाहून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ माळावर कारखाना घातला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी तेव्हा कुणब्यांची समजूत! ती घालवीत ते नांगर गावोगाव विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील, मूळचे आमच्याच तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. नांगर विकता विकता त्यांनी रयतेचे दारिद्र्य व अज्ञान पाहिले आणि १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली.

सांगलीस १९४७ साली धोंडुमामा साठे यांनी इंजिनिअरिंग कॉलेज उभे केले. १९५५ पासून ते वालचंद या नावाने चालते. कऱ्हाडास १९६० साली सरकारी कॉलेज आले. मग जवळपास तेवीस वर्षे सामसूम. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांस परवानगी मिळाली आणि उसाच्या पट्ट्यात एकाच साली कॉलेजांचे पीक आले. बुधगाव, वारणानगर, साताऱ्यास रयतचे, आणि ज्या गावास आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इस्लामपूर म्हणत आलो त्याच्या शेजारी साखराळ्यास, साखर कारखान्याच्या अंगणात, कासेगाव एज्युकेशन सोसायटीचे. ही सोसायटी राजारामबापू पाटील यांनी १९४५ साली काढलेली. साखराळ्याचे कॉलेज निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, बापू गेले. कॉलेजास आज त्यांचेच नाव आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असतानाच त्यास २०११ साली स्वायत्तता मिळाली, म्हणजे अभ्यासक्रम आखणे व परीक्षा घेणे हे त्याचे त्याच्याकडे आले. स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक, अणुविद्युत व दूरसंचार, इतकेच नव्हे तर मोटारगाडीची विद्यासुद्धा उसाच्या फडाशेजारी शिकविली गेली. पूर्वी यासाठी पुण्यामुंबईस जावे लागे आणि तेथे राहण्याचा खर्च ऐकूनच बाप माघारी फिरे.

विनाअनुदानित या शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. सरकार पैसे देणार नाही, ते बापाने द्यावयाचे, हा तो अर्थ! देणगीच्या नावाखाली इतका बाजार माजला की १९८७ साली सरकारास कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही कोणी पावतीशिवाय रक्कम मागितली तर शेतकरी मुकाट्याने कमरेचा कसा सोडतो. का सोडावा? प्रवेश गुणवत्ता यादीने मिळतो, कोणाच्या चिठ्ठीने नव्हे.

दुसरी गोष्ट शाखेची. आज ज्यास त्यास संगणकच पाहिजे. स्थापत्य व यंत्र या शाखांच्या जागा मध्यंतरी कित्येक कॉलेजांत ओस पडल्या. आम्ही विचारतो, आमच्या तालुक्याचे दुखणे कोणते? कृष्णाकाठची काळी जमीन अतिपाण्याने खारावली, एके काळी सोने पिकविणाऱ्या रानात आज मीठ फुटते. त्यावर उपाय आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून जादा पाणी ओढ्यास काढावयाचे. पण उतार कोणता धरावा, नळ किती खोल व किती अंतरावर घालावे, हे मोजणारा माणूस स्थापत्याचाच लागतो. २००५, २०१९ व २०२१ साली महापूर घरात शिरला. पूल, भराव आणि ओढ्यांच्या मोऱ्या पाणी कोठे तुंबवितात हे सांगणारा कोण? उसाची तोड करणाऱ्या मजुराची कंबर वाचविणारे आणि दोन एकरवाल्यास परवडणारे यंत्र कोण करील? ज्याच्या बापाने ते रान कसले, त्याच्या पोराइतके हे दुसऱ्या कोणास कळणार? त्याने पुण्याच्या कंपनीत जाऊ नये असे नव्हे, खुशाल जावे. पण कॉलेजनेही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पास विषय शोधताना परदेशी पुस्तकाच्या अगोदर कुंपणापलीकडच्या उसाच्या सरीकडे पाहावे, असे मागण्याचा सभासद शेतकऱ्यास पुरा अधिकार आहे.

भाषेपायी पुष्कळ हुशार पोरे पहिल्याच वर्षी गळाठतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले पोर इंग्रजी व्याख्यानापुढे मुके होते आणि घरचे त्यास मठ्ठ म्हणतात. देशी भाषांतून इंजिनिअरिंग शिकविण्यास २०२१ पासून परवानगी मिळाली व पिंपरी-चिंचवडला मराठीतून संगणकाचा वर्ग निघाला. आमच्या बाजूच्या कॉलेजांनी इंग्रजी पुस्तक ठेवूनही पहिल्या वर्षी मराठीत समजावून देण्यास काय हरकत आहे?

आता कामाचे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. सुतार-लोहारांच्या ज्या पोरांचा हात आधीच वळलेला आहे, त्यांस ही वाट फार सोयीची. आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतील मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे; तेव्हा पैसे नाहीत म्हणून मुलीस घरी बसविल्याची सबब आता कोणी सांगू नये. मुलांसाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शुल्क सवलत आहे, वसतिगृहाच्या खर्चास पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे. शुल्कमाफीच्या थोड्या जागा प्रत्येक शाखेत निराळ्या असतात, त्या अर्जात मागाव्या लागतात. आणि जात पडताळणीचा अर्ज पोर अकरावीत असतानाच करावा. गुण असूनही केवळ त्या एका कागदापायी राखीव जागा हातची जाते. ज्यांस अर्ज भरता येत नाही त्यांनी तो गावच्या शाळामास्तराकडून भरून घ्यावा, त्यास दोन चकरा माराव्या लागल्या तरी हरकत नाही.